हॉट टॉडी उर्फ ताडीची परदेशवारी

डिसेंबर-जानेवारीत पुण्या-मुंबईतल्या जरा बऱ्यापैकी रेस्तराँच्या मेन्यूकार्डावर 'हॉट टॉडी' नावाचा एक प्रकार दिसायला लागतो. दांडीवाल्या काचेच्या ग्लासात गरम पाणी, व्हिस्की, मध, लिंबाची चकती, तिला टोचलेल्या चार लवंगा आणि ढवळायला दालचिनीची काडी. ऑनसाइट एडिंबराला राहून आलेली मंडळी हे पेय अस्सल स्कॉटिश आहे असं छातीठोकपणे सांगतात. डब्लिनहून परतलेले म्हणतात, छे, आयरिश! दोघांचंही थोडंथोडं बरोबर आहे. पण 'टॉडी' हा शब्द मात्र ना एडिंबराचा, ना डब्लिनचा. टॉडी म्हणजे ताडी. हो, तीच ती, जिचं नाव घरात काढलं तर आजी जपाची माळ थांबवून आपल्याकडे बघेल.

आता ही ताडी तिकडे पोचली कशी, आणि तिथल्या ग्लासात ताडाचा एक थेंबही कसा उरला नाही, ही गोष्ट मला फार दिवसांपासून लिहायची होती. हा विकांत मोकळा आहे, तर लिहून टाकतो. शेवटी कृतीही देतो, काळजी नसावी.

सुरुवात झाडापासून. आपल्याकडे याबाबतीत भाषा अगदी काटेकोर आहे. ताडाची ती ताडी, माडाची ती माडी, आणि शिंदीच्या झाडाची ती शिंदी. इंग्रजांनी हा सगळा तपशील गुंडाळून तिन्हींना 'टॉडी' म्हणून टाकलं. आपला 'ड' त्यांच्या कानाला कधी 'र' वाटायचा तर कधी 'ड', त्यामुळे सतराव्या शतकातल्या त्यांच्या कागदांत 'टॅरी', 'टॅडी' अशी बरीच रूपं सापडतात. त्यातलं 'टॉडी' शेवटी टिकलं.

झाडाच्या फुलोऱ्याला काप देऊन, खाली मडकं बांधून रस गोळा करतात. हा रस ताजा असताना नुसता गोड असतो, कारण त्यात दहा-बारा टक्के साखरच असते. ती नीरा. मडक्यात चुना लावला असेल तर ती काही काळ तशीच राहते. नाहीतर हवेतलं आणि मडक्यातलं यीस्ट लगेच कामाला लागतं, आणि ऊन चढेपर्यंत चार-पाच टक्के अल्कोहोल तयार. तसंच ठेवलं तर एक-दोन दिवसांत शिर्का, म्हणजे व्हिनेगर. गोव्याच्या स्वयंपाकातलं माडाचं व्हिनेगर ते हेच. म्हणजे एकाच मडक्यात सकाळी सरबत, दुपारी दारू आणि परवा लोणच्याचा मसाला. इतकी कमी 'शेल्फ लाइफ' असलेली वस्तू जहाजातून विलायतेला जाणं शक्यच नव्हतं. गेला तो फक्त शब्द.

एडवर्ड टेरी नावाचा एक पाद्री १६१६ मध्ये सुरतेला उतरला. जहांगीराच्या दरबारी आलेला इंग्रज वकील सर टॉमस रो, त्याचा हा धर्मगुरू. त्याने या रसाची चक्क तारीफ लिहून ठेवली आहे. उन्हं वर यायच्या आत प्यायला तर पांढऱ्या वाइनसारखा छान लागतो, पण उन्हाने तापला की डोक्यात जातो, असं त्याचं निरीक्षण. यीस्ट म्हणजे काय हे तेव्हा जगात कुणालाच माहीत नव्हतं, पण निरीक्षण पक्कं आहे.

पण कंपनीच्या गोऱ्यांची तहान चार-पाच टक्क्यांनी भागणारी नव्हती. त्यांची मदार होती ती ताडी-माडी गाळून केलेल्या अर्कावर. 'अरक' हा मूळ अरबी शब्द, अर्थ घाम. भट्टीच्या नळीतून घामासारखे थेंब ठिबकतात म्हणून. (गोव्यात काजूच्या पहिल्या धारेला आजही 'उर्राक' म्हणतात, ते यातूनच.) हा अर्क स्वस्त आणि जहाल. नुसता पिणं म्हणजे शिक्षा. मग त्यात जे हाताशी होतं ते पडायला लागलं: साखर, लिंबू, पाणी, मसाला.

यातून जे पेय झालं त्याचं नाव पंच. १६३२ सालच्या कंपनीच्या एका पत्रात हा शब्द इंग्रजीत पहिल्यांदा भेटतो, आणि ते पत्र हिंदुस्थानातलं आहे. १६३८ मध्ये मँडेल्स्लो हा जर्मन प्रवासी इराणच्या किनाऱ्यावरून सुरतेला येताना जहाजावर हेच पेय पितो आणि त्याला 'पालेपुंत्झ' म्हणतो. फ्रेंच प्रवासी बुलाय ल गूझ १६५३ मध्ये 'बोलपाँज' लिहितो आणि जिन्नसही देतो: साखर, लिंबाचा रस, दारू, जायपत्री आणि भाजलेलं बिस्किट. बिस्किटाचं काय करायचे देव जाणे, पण जायपत्री लक्षात ठेवा.

यानंतर येतो जॉन फ्रायर. कंपनीचा डॉक्टर. आपल्याला हा माणूस दुसऱ्याच कारणाने माहीत असायला हवा: १६७४ मध्ये शिवराज्याभिषेकाच्या वेळी ऑक्झिंडेन रायगडावर गेला होता, त्या वकिलातीची हकीकत याच्या पुस्तकात आहे, आणि हा स्वतः जुन्नरपर्यंत जाऊन आलेला आहे. तर हा फ्रायर सांगतो की गोव्याजवळच्या नेरूळचा अर्क सगळ्यात चांगला, आणि या किनाऱ्यावरचे इंग्रज त्यापासून अंगातली ताकद काढून घेणारं एक पेय करतात, त्याचं नाव 'पाँच', कारण हिंदुस्थानी भाषेत त्याचा अर्थ पाच आणि जिन्नसही पाच.

शब्दकोशवाली मंडळी यावर अजून भांडतात. त्यांचं म्हणणं, जुन्या सगळ्या कृतींत काही पाचच जिन्नस नसतात, आणि तेव्हाच्या इंग्रजी उच्चाराशी हे नीट जुळतही नाही. पिंपाला इंग्रजीत 'पंचन' म्हणतात, त्यावरून नाव आलं असेल, असाही एक पक्ष आहे. मला स्वतःला हा आक्षेप फारसा पटत नाही. पंचामृत म्हणताना आपण तरी कुठे दरवेळी जिन्नस मोजतो? एखाद्या घरी त्यात केळं पडतं, एखाद्या घरी तुळस. नाव पाचाचंच राहतं. आणि नाव पडलं त्या किनाऱ्यावर कान उघडे ठेवून फिरणारा माणूस जे सांगतो, त्याला थोडं वजन द्यायला हवं.

आता माझा सगळ्यात लाडका पुरावा. मुंबई सरकारच्या १६९४ च्या हुकुमात पंचगृहांसाठी एक नियम आहे. गिऱ्हाईक खाणावळीत येऊन पंच मागत असेल, तर त्याला सुटे जिन्नस मागायचा हक्क आहे: एक क्वार्ट, म्हणजे साधारण लिटरभर, चांगला गोव्याचा अर्क, अर्धा पौंड साखर आणि अर्धा पाइंट लिंबाचा रस. घ्या आणि आपलं आपण करा. पुढचं कलम तर अजून भारी. ज्या वाडग्यात पंच द्यायचं त्यावर बाजार-कारकुनाचा शिक्का नसेल, तर गिऱ्हाइकाने तो वाडगा खुशाल फोडावा, आणि वाडग्याचेही पैसे देऊ नयेत, पंचचेही नाहीत!

तीनशे वर्षांपूर्वीच्या मुंबईत ही ओपन सोर्स कृती, वर व्हॅलिडेशन, आणि चेक फेल गेला तर थेट फोडाफोडी. वाडग्यावर शिक्का कशाला, तर मापात पाप होऊ नये म्हणून. अर्कात पाणी घालणारे आणि वाडगा आतून उथळ ठेवणारे तेव्हाही होतेच म्हणायचे.

पंच जहाजांबरोबर विलायतेला गेला आणि अठराव्या शतकात तिथे त्याने धुमाकूळ घातला. चिनी मातीचे मोठाले वाडगे, लांब दांड्याचे डाव, भोवती दहा-बारा माणसं. थंड देश, म्हणून पाणी उकळतं. अर्काच्या जागी कॅरिबियन बेटांची रम नाहीतर फ्रान्सची ब्रँडी. पण वाडगाभर पंच करायचं म्हणजे माणसं जमवायला हवीत, लिंबं हवीत (ती स्पेन-पोर्तुगालहून येणार), पैसे हवेत. एकट्या माणसाने रात्री शेकोटीपाशी काय करायचं? त्याने एका ग्लासात दारू, साखर आणि गरम पाणी ढवळलं. पंचची सिंगल-युजर एडिशन म्हणा ना. तिला जे नाव चिकटलं ते पूर्वेकडून आलेलं दुसरं नाव: टॉडी. जहाजांवरून हा शब्द अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर फिरला होता, आणि अठराव्या शतकात त्याचा अर्थ 'झाडाचा रस' यावरून 'दारू, पाणी, साखर' असा सरकला.

स्कॉटलंडमध्ये त्यात व्हिस्की पडणं हे ओघानेच आलं. व्हिस्की तिथे जुनीच. १४९४ च्या राजाच्या हिशेबवहीत जॉन कॉर नावाच्या साधूला 'जीवनजल' करण्यासाठी माल्ट दिल्याची नोंद आहे, आणि व्हिस्की हा शब्दही गेलिकमधल्या त्याच अर्थाच्या 'उश्का बाहा'चा अपभ्रंश. पण तेव्हाची व्हिस्की म्हणजे बारा वर्षं लाकडात मुरलेली मवाळ वस्तू नव्हे. डोंगरातल्या चोरट्या भट्टीवरून काढली की थेट बुधल्यात. जहाल, धुरकट, घसा सोलून काढणारी. म्हणजे आपल्या अर्काचीच बहीण, आणि तिच्यावरचा उपायही तोच: गोड घाला, पाणी घाला.

इथे रॉबर्ट बर्न्स हा स्कॉटिश कवी येतो. 'द होली फेअर' या त्याच्या कवितेत जत्रेला जमलेली पोरं-पोरी टेबलाभोवती टॉडी ढवळत बसतात. ती कविता ज्या संग्रहात आली तो १७८६ चा. त्याच वर्षी हाच बर्न्स कर्जाने आणि भानगडींनी कावून जमैकाला निघायच्या तयारीत होता, उसाच्या मळ्यावर हिशेबनीस म्हणून. तो मळा गुलामांच्या कष्टावर चालायचा. संग्रह गाजला म्हणून तो गेला नाही, एवढंच. पण टॉडीच्या ग्लासात जो साखरेचा खडा पडत होता, तो तिथूनच येत होता. ग्लासगो शहराची त्या काळातली श्रीमंती साखर आणि तंबाखूवर उभी होती. १७९१-९२ मध्ये ब्रिटनमधल्या कितीतरी घरांनी गुलामांच्या साखरेवर बहिष्कार घातला. गुलामगिरी बंद करणारा कायदा व्हायला १८३३ उजाडलं. घरच्या उबेचं प्रतीक म्हणून मिरवणाऱ्या पेयाची ही बाजू सहसा कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिली.

जाता जाता एका अफवेचा निकाल लावतो. डब्लिनचे एक डॉक्टर होते, रॉबर्ट बेंटली टॉड. रोग्यांना गरम ब्रँडी, साखर आणि दालचिनी द्यायचे, म्हणून त्यांच्यावरून 'टॉडी', असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. डॉक्टरसाहेबांचा जन्म १८०९ चा. बर्न्सची पोरं-पोरी त्याच्या तेवीस वर्षं आधी टॉडी ढवळत होती. दुसरी कथा एडिंबराच्या 'टॉड्स वेल' या झऱ्याची, कारण १७२१ च्या एका कवितेत त्याचं नाव येतं. पण तोवर सुरत-मुंबईतल्या इंग्रजांच्या कागदात टॉडी येऊन शंभर वर्षं झाली होती.

बर्न्स पुढे १७८९ मध्ये सरकारी नोकरीला लागला. कुठल्या खात्यात? एक्साइज. म्हणजे आपल्या भाषेत आबकारी. चोरट्या भट्ट्या हुडकणं हे त्याचं काम. गंमत बघा, 'आबकारी'तला 'आब' म्हणजे फारसीत पाणी, आणि व्हिस्कीतला 'उश्का' म्हणजेही पाणी. दारू आणि तिच्यावरचा कर, दोघांच्या नावात पाणीच. असो.

हीच आबकारी कोकणात कशी वागली हे बघण्यासारखं आहे. माडावर चढून रस काढणं हा इथल्या भंडारी समाजाचा पिढीजात धंदा. १८७८ मध्ये मुंबई आबकारी कायदा आला. छेद देण्याच्या प्रत्येक झाडामागे कर, प्रत्येक कामाला परवाना, आणि गाळण्याचं काम गावोगावच्या छोट्या भट्ट्यांकडून काढून मोठ्या मक्तेदार भट्ट्यांकडे. अधिकृत धोरण असं की लोकांनी प्यावं कमीत कमी, पण सरकारला महसूल मिळावा जास्तीत जास्त. झाड त्यांचं, अंगण त्यांचं, चढणारे पाय त्यांचे, आणि पहिला वाटा सरकारचा. ज्या काळात लंडनच्या दिवाणखान्यात टॉडीसाठी चांदीचे चिमुकले डाव निघत होते, त्याच काळात टॉडी हा शब्द जिथून गेला तिथला माणूस त्याच टॉडीसाठी गुन्हेगार ठरत होता.

याचा अर्थ ताडी म्हणजे काही अमृत, असं मला म्हणायचं नाही. दारूने घरं बुडतात हे इथल्या लोकांना इंग्रजांच्या आधीपासून माहीत होतं, आणि १९०८ मध्ये टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात दारूच्या गुत्त्यांवर पिकेटिंग झालं ते उगाच नव्हे. माझा मुद्दा साधा आहे. तोच शब्द ताडी म्हणून आला तर झोपडपट्टी, धाड, विषारी भेसळ. आणि टॉडी म्हणून आला तर शेकोटी, मफलर, जॅझ. हा फरक ग्लासातल्या वस्तूने पडलेला नाही. टॉडीत तर ताडीपेक्षा जास्तच अल्कोहोल असतं.

औषधीपणाबद्दलही दोन शब्द, कारण टॉडी नेहमी सर्दीवरचा उपाय म्हणून विकली जाते. गरम पाणी, मध, लिंबू, लवंग यांनी घसा शेकतो आणि बरं वाटतं, हे खरं. पण ते काम आजीचा काढाही करतो. व्हिस्कीने सर्दी बरी होत नाही. तिने ऊबही येत नाही, ऊब आल्यासारखं वाटतं. कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गाल तापतात, आणि शरीराच्या आतली उष्णता उलट बाहेर पडते. म्हणून सिंहगडावर किंवा हिमालयातल्या ट्रेकवर 'थंडी घालवायला' घोट मारणं हा मूर्खपणा आहे. सर्दीची किंवा तापाची गोळी घेतली असेल तर टॉडी नको: सर्दीच्या गोळीने येणारी गुंगी वाढते, आणि पॅरासिटामॉलबरोबर नेहमी दारू म्हणजे लिव्हरवर दुहेरी भार. आणि बाळाला सर्दी झाली की ब्रँडीचा थेंब चाटवण्याची आपल्याकडची पद्धत कृपया बंद करा. एक वर्षाखालच्या बाळाला मधसुद्धा द्यायचा नसतो.

तर, कृती. एका ग्लासाची. (महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वय पंचवीस पूर्ण लागतं, आणि कायद्याने परवानाही. कायदा १९४९ चा आहे.)

दीडशे मिली पाण्यात चार लवंगा, बोटाच्या पेराएवढी दालचिनी आणि हवं तर आल्याची एक चकती घालून तीन-चार मिनिटं मंद उकळा. आपल्या वाण्याकडे मिळते ती जाड सालीची दालचिनी तिखट असते, तिचा तुकडा लहान घ्या. श्रीलंकेची पातळ, गुंडाळीसारखी मिळाली तर उत्तम. तोवर ग्लासात साधं गरम पाणी भरून ठेवा आणि ओतून द्या. ग्लास थंड राहिला तर सगळी मेहनत पाच मिनिटांत कोमट होते. मग ग्लासात दोन चमचे मध आणि अर्ध्या कागदी लिंबाचा रस. लिंबू पाण्याबरोबर उकळू नका, कडू होतं. गॅस बंद करून पाणी मिनिटभर निवू द्या, गाळून ओता, ढवळा. पंचेचाळीस मिली व्हिस्की सगळ्यात शेवटी. अल्कोहोल ७८ अंशाच्या आसपास उकळतं, त्यामुळे उकळत्या पाण्यात आधी ओतलीत तर वाफ नाकात आणि पैसे हवेत. आणि व्हिस्की पातेल्यात घालून गॅसवर कधीही ठेवू नका, वाफ पेट घेते.

व्हिस्की कुठली? महागडी सिंगल माल्ट यात घालवू नका. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीत बहुतेक वेळा उसाच्या मळीपासून काढलेला अल्कोहोल असतो, म्हणजे ती जन्माने रमच्या जवळची. गरम पाणी, गूळ आणि जायफळ यांच्याशी ती बरी जुळते. धान्याचीच हवी असेल तर आयरिश चांगली, कारण ती सहसा धुरकट नसते. भारतीय सिंगल माल्टही आता भरपूर आहेत. त्यातली पहिली, बंगळुरूची अमृत, २००४ मध्ये बाजारात आली ती थेट ग्लासगोमध्ये, हे जाता जाता.

न पिणाऱ्यांनी व्हिस्कीच्या जागी कडक कोरा चहा घालावा. वरून संत्र्याच्या सालीचा तुकडा, पांढरा भाग काढलेला, ग्लासावर धरून चिमटा, म्हणजे सालीतलं तेल फवाऱ्यासारखं वर पडतं. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, हे काम तिच्यावर झकास होतं. दांडीवाला ग्लास नसेल तर चहाचा जाड कप घ्या. स्टीलचं फुलपात्र नको, ओठ भाजतात.